पुढच्या सीटवरच्या आक्का

आमच्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे आक्कांना, आवाजात झोप लागायची आणि शांततेत जाग यायची. उलटं लिहिलेलं नाही, बरोबरच लिहिलंय. सोलापुरात साखर पेठेत आमच्या घराला लागूनच माग होते. दिवसभर खडाखडा, खडाखडा. मी माढ्याकडच्या खेड्यातली. लग्न होऊन आले तेव्हा किती तरी दिवस माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. आक्का मात्र दुपारी भांडी पालथी घातली की भिंतीला पाठ लावायच्या, तीही नेमक्या मागाच्याच भिंतीला, आणि घोरायला लागायच्या. लाइट गेली आणि माग थांबले की ताडकन उठून बसायच्या. "काय झालं? कोण थांबलं?"

त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं. वडिलांची पिठाची गिरणी होती, ऑइल इंजिनावर चालणारी. आक्कांचा पाळणा म्हणे गिरणीच्या खोलीतच टांगलेला असायचा. इंजिन चालू असलं की पोर गुमान झोपायची, बंद पडलं की टाहो फोडायची. "माझं रडणं ऐकून आप्पाला कळायचं, इंजिन बंद पडलं म्हणून," हे त्या असं सांगायच्या, जसं कुणी तरी सांगावं की आमच्या दारी हत्ती झुलत होते. बोलण्यात कानडी मिसळलेलं. 'पुरे' म्हणायचं तिथं 'साकु'. वाढताना 'साकु', भांडताना 'साकु', माझ्या रडण्यालाही 'साकु, साकु'.

आता तुम्हाला वाटेल, काय कौतुक करते ही जावेचं. थांबा जरा. मी त्या बाईवर जळत होते. नवी साडी, गळ्यातलं, ह्यासाठी बायका जळतात ना, तसलं नाही. मी एका सीटसाठी जळत होते.

आमचा धंदा चादरींचा. मागवाल्यांकडून माल उचलायचा आणि मंगळवेढा, अक्कलकोट, माढा अशा बाजाराच्या गावी पोचवायचा. त्यासाठी एक जुनी पिकअप जीप होती, पेट्रोलवरची. आमचे हे ती चालवायचे. थोरले, म्हणजे माझे मोठे दीर, देणंघेणं बघायचे. त्या गाडीत पुढं चालवणाऱ्याशेजारी एकच माणूस बसायचं. माल मोजून द्यायला सोबत येणाऱ्या बाकीच्यांनी मागं, चादरींच्या गठ्ठ्यांवर, डोक्यावर पदर घट्ट धरून.

मी लग्नानंतर वर्षाच्या आत पोटुशी राहिले, तेव्हा सासूबाईंनीच हुकूम काढला, "धाकटीला पुढं बसवा, मागं हादरं बसत्यात." मग मांडीवर लेकरू आलं. मग लेकरू चालायला लागलं, पळायला लागलं, तरी सीट माझी ती माझीच. मी सोडली नाही आणि कुणी मागितली नाही. माहेरी जाताना ह्यांना मुद्दाम माढ्याच्या बाजारातून गाडी न्यायला लावायची, ओळखीच्या चार बायकांनी बघावं म्हणून.

पण खरी गोष्ट वेगळीच. घरात अकरा माणसं, दोन खोल्या. दिवसा नवऱ्याशी बोलायचं म्हणजे सासूबाईंच्या देखत, 'मीठ आणा' एवढंच. रात्री हे पाठ टेकली की मुडदा. आम्ही दोघं नवराबायको म्हणून बोललो असू ते त्या गाडीत. हे वाटेवरची शेतं दाखवायचे, कुठल्या गावच्या पाटलानं काय लफडं केलं ते सांगायचे. मी माझं सांगायची. कधी गाणं म्हणायची. पेट्रोलचं इंजिन मऊ वाजायचं, कुजबुजलं तरी ऐकू यायचं. तुमच्यातल्या ज्या भरल्या घरात नांदल्या असतील त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

मग पेट्रोल महागलं. असं महागलं की थोरले पंपावरून आले की अर्ध्या भाकरीवर उठायचे. त्या दिवसांत बऱ्याच गाडीवाल्यांनी पेट्रोलचं इंजिन उतरवून त्या जागी छोटं डिझेल इंजिन बसवून घेतलं. आमच्या थोरल्यांनीही अक्कलकोट रोडवरच्या एका मिस्त्रीकडून बसवलं. हे गाडी घेऊन आले, तर बोळात पिठाची गिरणीच चालत आल्यासारखं वाटलं. खिडक्या हादरल्या, फळीवरच्या वाट्या वाजल्या. गल्ली गोळा झाली.

"बंद करा की आता," मी ओरडले.

"बंदच केलीया!" ह्यांनी किल्ली वर करून दाखवली. किल्ली हातात आणि इंजिन कडाकडा चालूच.

"परत लावून काढ की," शेजारचा एक जण म्हणाला. ह्यांनी परत लावली, परत काढली. झटका देऊन काढली. इंजिनाला काही पडलेलं नव्हतं. सासूबाई "आगं बाई, ह्यात काय तरी बसलंय," म्हणत नारळ आणायला आत पळाल्या.

तेवढ्यात आक्का आल्या. हात पिठात. "भावजी, बॉनेट उघडा." वाकल्या, पिठाच्या बोटानं नळीवरून नळीवरून माग काढत गेल्या आणि इंजिनाच्या पंपावरचा एक बारका दांडा अंगठ्यानं दाबला. इंजिनानं एक उचकी दिली आणि गप्प झालं. आक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पेट्रोलला ठिणगी लागती, म्हणून ते किल्लीनं विझतंय. ह्याला ठिणगीच न्हाई, तर किल्ली काय विझवणार? ह्याचं तेल तोडायचं असतंय."

"हां," आमचे हे डोकं खाजवत म्हणाले, "मिस्त्री कसली तरी तार वडायला सांगत हुता खरा."

त्या दिवसापासून गल्लीत त्या 'इंजिनवैनी' झाल्या. आणि जेवताना थोरल्यांनी भाकरी मोडता मोडता निकाल दिला, "उद्यापास्नं हिला पुढं बसवत जा. वाटंत आडलं तर जाणतं माणूस आसंल." माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. आक्कांनी तरी 'नको, धाकटी बसू दे' म्हणावं? त्यांनी ताटात आमटी ओतून घेतली आणि म्हणाल्या, "बसते की."

तशी माझी सीट गेली.

मी मागं गठ्ठ्यांवर. मधे काचेची बारकी खिडकी. त्यातून मला दोघांच्या पाठी दिसायच्या. कडाकडाटात एक अक्षर ऐकू यायचं नाही. आता एक स्पष्टच सांगते, तसलं काही माझ्या मनात नव्हतं. आक्का ह्यांच्यापेक्षा मोठ्या, ह्यांच्या आईसारख्या ह्यांना रागवायच्या. पण माझं बोलणं जिथं व्हायचं तिथं दुसरं कुणी बोलतंय, हे माझ्याच्यानं बघवायचं नाही. घरी आल्यावर मी विचारायची, "काय गप्पा चालल्या होत्या?"

"कसल्या गप्पा! वैनी तोंड उघडू देत न्हाईत. काय म्हटलं की म्हणत्यात, 'भावजी, गप बसा हो. ऐकू द्या.'"

"काय ऐकू द्या?"

"इंजिन."

माझा विश्वास बसायचा नाही. अक्कलकोटपर्यंत का कुणी इंजिन ऐकत जातं?

आणि आक्कांचा तोरा! पुढं बसायच्या आधी त्या हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडं सरकवायच्या आणि वरून रुमालानं करकचून बांधायच्या. का, तर किणकिण झाली की इंजिनाचा आवाज तुटक कळतो. आख्ख्या बोळासमोर हा सोहळा व्हायचा. एखादा पैलवान लांग कसतो तसा. गाडी बिघडली तर आधी चहा मागायच्या, मग हात लावायच्या. "बिनचहाचं इंजिन माझं ऐकत न्हाई." आणि लोक धावत जाऊन चहा आणायचे! मी कधी ताप आलेला असताना चहा मागितला असता तर सासूबाईंनी तीनदा कपाळ चाचपून बघितलं असतं.

डिझेल गाळायला मऊ कापड लागायचं. पंपावरच्या पिंपातलं डिझेल कधी गाळासकट यायचं आणि आक्का ते गाळल्याशिवाय टाकीत जाऊ द्यायच्या नाहीत. एक दिवस माझ्या पेटीपाशी येऊन उभ्या. "धाकटे, तुझं ते बाळंतपणातलं मलमलीचं लुगडं हाय न्हवं? फाटलंयच. दे." मी दिलं. काय करणार. त्यानंतर कुणीही गाडीचं कौतुक केलं की त्या म्हणायच्या, "पळंल न्हाई तर काय. आमच्या धाकटीच्या लुगड्यातनं गाळलेलं पितीया." म्हणजे सीट त्यांची, लुगडं माझं, आणि वर बोलणं एवढं गोड की रागावायलाही जागा ठेवली नाही.

मीही गप्प बसणारी नव्हते. मनात म्हटलं, कान काय त्यांनाच आहेत? मागं बसल्या बसल्या मीही आवाज ऐकायला लागले. एकदा माढ्याच्या वाटेवर मला इंजिनात खडखड ऐकू आली. स्पष्ट. मी काचेवर थापा मारल्या. ह्यांनी गाडी बाजूला घेतली. "इंजिनात कायतरी वाजतंय," मी म्हटलं, अगदी आक्कांच्या सुरात. आक्का उतरल्या, बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून डोळे मिटून ऐकलं. मग मागं आल्या, गठ्ठ्यांत हात घातला आणि माझा पितळी डबा बाहेर काढला. झाकण सैल झालेलं. त्यांनी तो कानाशी हलवला. खडखड, खडखड.

"धाकटे," त्या म्हणाल्या, "तुझ्या इंजिनात शेंगांची चटणी हाय गं."

आमचे हे चाकाला टेकून हसत राहिले. मी माढ्यापर्यंत डबा मांडीवर दाबून धरला.

त्या हिवाळ्यात मंगळवेढ्याला माल टाकून येताना तिथल्या एका गिऱ्हाइकानं शेतात हुरड्याला थांबवून घेतलं. परत निघालो तर सूर्य मावळतीला आलेला, आणि अर्ध्या वाटेत गाडी धापा टाकून थांबली. डिझेल संपलेलं. ह्यांची सवय पेट्रोलची. पेट्रोलची गाडी शेवटच्या थेंबापर्यंत पळवायची, मग डबा ओतायचा की चालली पुढं. ह्यांनी तसाच डबा आणला, ओतला आणि सेल्फ मारला. घर्र घर्र, बस्स. पुन्हा घर्र घर्र. खरं सांगू, मला बरं वाटलं. म्हटलं, मरू दे मेलं हे डिझेल. उद्या थोरले पेट्रोलचं परत बसवतील आणि जिची सीट तिला मिळेल.

आक्का पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "साकु, भावजी. बॅटरी मराय लागली. टाकी कोरडी झाली न्हवं, नळीत हवा धरली. आता तेल वतलं तरी पुढं सरकत न्हाई." तिथं चहा कुठून मिळणार, तर बाईंनी हुरड्याची मूठ तोंडात टाकून पदर खोचला. फिल्टरवरचा नट पान्यानं सैल केला आणि पंपाचा बारका हातदांडा खालीवर मारायला लागल्या. नटाच्या कडेनं फेस यायला लागला, दूध उतू जाताना येतो तसा. फुर्र फुर्र. मग मोठे बुडबुडे, मग बारके. त्यांची नजर हलेना. एकाएकी म्हणाल्या, "साकु," आणि नट आवळला. सेल्फला हात लावला न लावला तोच गाडी कडाडली. रस्त्याच्या कडेला थांबलेले दोन बैलगाडीवाले म्हणाले, "वाऽ, बाई!" मी गठ्ठ्यांत तोंड घालून झोपेचं सोंग घेतलं. पोटात डिझेल पेटल्यासारखं झालं होतं. ते म्हणे ठिणगीशिवाय पेटतं. पेटतं खरं.

अशी काही वर्षं गेली. मला दुसरं लेकरू झालं, त्याही वेळी मी मागंच. कारण इंजिन जुनं व्हायला लागलं होतं आणि आक्कांवाचून हलत नव्हतं.

मग आक्कांचे आप्पा थकले. त्यांना मुलगा नव्हता. गिरणी कोण चालवणार? थोरल्यांनी ठरवलं, आपण तिकडंच जावं, गिरणीशेजारी चादरींचं दुकान टाकावं. भाऊ भाऊ न भांडता वेगळे झाले. सोलापूरचा धंदा आणि गाडी आमच्याकडं राहिली. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी भाकरी थापताना गाणं म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ चालली आणि ही गाती बघा."

थोरले पोरांना घेऊन आदल्या दिवशी एसटीनं पुढं गेले. आक्कांना आणि त्यांच्या संसाराला आम्ही पोचवायचं होतं. सामान मागं लादलं. मी बाजूला उभी होते. आक्कांनी बोळातल्या सगळ्यांचा निरोप घेतला, सासूबाईंच्या पाया पडल्या, आणि सरळ मागं जाऊन गाद्यांच्या वळकटीवर चढून बसल्या.

"आक्का, पुढं बसा की," मी म्हटलं. म्हणावं लागतं.

"कशाला? गाडी आता तुझी हाय. बस पुढं."

मी दोनदा म्हणाले नाही. बसलेच. खिडकीत कोपर ठेवलं. पदर सारखा केला. बोळ माझ्याकडं बघत होता. गाडी अक्कलकोट रोडला लागली आणि मी बोलायला सुरुवात केली. किती दिवसांचं साठलं होतं! पोरांचं, सासूबाईंचं, माहेरचं. कडाकडाटावर आवाज चढवून मी बोलत होते, हे माना डोलवत होते. बांगड्या किणकिणत होत्या. मला वाटलं, मिळालं बाई परत.

मध्येच डोक्यावर धाड धाड झालं. आक्का टपावर बुक्क्या मारत होत्या. ह्यांनी गाडी थांबवली.

"हवा घेतीया," आक्का मागूनच ओरडल्या. "आवाज हिसकं देतोय, ऐकू आलं न्हाई व्हय?"

नव्हतं आलं. इंजिनापासून मी हातभर अंतरावर आणि त्या पार मागं गाद्यांवर. त्यांना आलं, मला नाही. भरल्या सीटवर बसून मी पुन्हा जळाले. म्हटलं, ही बाई सीट देऊनही सीट सोडत नाही.

त्या उतरल्या. बॉनेट उघडलं. नळीच्या जोडावरचं वायसर झिजलं होतं, तिथून हवा आत शिरत होती. त्यांनी चिंधीचा दोरा वळून जोडावर गुंडाळून घट्ट केला. मला वाटलं, आता हवा काढतील. त्यांनी पाना माझ्यापुढं धरला.

"मी?"

"मग काय रोज मी अक्कलकोटास्नं बुक्क्या मारू?"

मी नट सैल केला. माझ्या हातावर त्यांचा हात. दांडा खालीवर, खालीवर. फेस आला. बुडबुडे आले. "साकु कवा म्हणायचं ते तू सांग," त्या म्हणाल्या. मी फेस थोडा बसल्यावर "साकु" म्हटलं. आवळला. गाडी सुरू झाली, चार ठोके वाजली आणि मेली. हे काही तरी बोलणार होते, तर आक्कांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं फक्त. पुन्हा सैल केला. ह्या वेळी आक्कांनी हात काढून घेतला. मी मारत राहिले, मारत राहिले. मोठे बुडबुडे गेले, बारके गेले, शेवटी एकही नाही, नुसतं कोऱ्या चहासारखं निवळ तेल. तरी मी आणखी दोनदा मारलं.

"साकु," मी म्हटलं.

गाडी कडाडली आणि कडाडतच राहिली. आक्कांनी त्यांचा रुमाल मला हात पुसायला दिला. वास जाईना. "जात न्हाई तो," त्या म्हणाल्या. "आठ दिस भाकरीला पण येतोय. भावजींना सांग, गुमान खावा." आणि परत गाद्यांवर चढल्या.

गाडी निघाली. थोडं पुढं गेल्यावर मी काचेतून मागं बघितलं. आक्का आडव्या झाल्या होत्या. तोंड उघडं, एक हात वळकटीवरून खाली लोंबत. गाढ झोपल्या होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, आवाजात झोपणारी ही बाई, गिरणीत झोपली, मागाच्या भिंतीला झोपली, पण एवढ्या वर्षांत ह्या गाडीत तिला झोपलेली मी कधी बघितली नव्हती.

रुमाल माझ्याच मांडीवर होता. मी बांगड्या वर सरकवल्या आणि करकचून बांधल्या.

"मग, ते पोरांचं काय सांगत हुतीस?" ह्यांनी विचारलं.

"गप बसा हो," मी म्हटलं. "ऐकू द्या."

अक्कलकोट कधी आलं, वाटेत शेतं कसली होती, काही बघितलं नाही मी. सगळा रस्ता नुसता ऐकला. आणि मागं ती बाई आरामात घोरत होती, तिच्यावर जळत राहिले.

त्यानंतर ती गाडी मी पुष्कळ वर्षं ऐकली. बोळातली पोरं मला कधी 'इंजिनवैनी' म्हणाली नाहीत. ते नाव तिकडंच गेलं. "थोरल्या वैनीसारखं न्हाई, पण येतंय हिला," एवढंच.

आक्का गेल्या त्या अशाच एका दुपारी. त्यांच्या सुनेनं सांगितलं. जेवण करून गिरणीच्या भिंतीला पाठ लावून झोपल्या होत्या. दळण संपलं, इंजिन बंद केलं. सून वाट बघत राहिली, आता उठतील, "कोण थांबलं?" म्हणतील. उठल्या नाहीत. तेव्हा कळलं.

आता मी त्यांच्या वयाची झालेय, त्यांच्याहून मोठीच. माग गेले, गल्ली शांत झाली. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच जाग येते, आणि मी पडल्या पडल्या कान देऊन ऐकत राहते. डॉक्टर गोळ्या देतात. मला आक्कांसारखं हवंय, भरल्या आवाजात, घोरत घोरत. पण मिळायचं नाही. तिथंही ती बाई आधी जाऊन पुढं बसली.